प्रकटीकरणाचे पुस्तक घरच्या प्रार्थनासभेत कसे वाचावे?

हडपसरच्या एका भगिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या घरी दर शुक्रवारी संध्याकाळी कॉटेज मीटिंग भरते आणि आसपासची काही कुटुंबे एकत्र येऊन वचन वाचतात. या वर्षी आगमनकाळात, म्हणजे नाताळापूर्वीच्या चार आठवड्यांत, बायबलचे शेवटचे पुस्तक प्रकटीकरण वाचावे असे त्यांच्या मनात आहे. परंतु सभेतील वयस्क स्त्रियांना या पुस्तकाची धास्ती वाटते, तरुण मुले मोबाइलवर आलेल्या चित्रफिती दाखवून या पुस्तकातील कोणते श्वापद म्हणजे कोणता देश हे सांगू लागतात, आणि त्यांच्या दिरांनी तर सासूबाईंना बजावून ठेवले आहे की पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत अंगठा द्यायचा नाही, कारण तो श्वापदाचा शिक्का आहे. अशा परिस्थितीत हे पुस्तक वाचावे की बाजूला ठेवावे, आणि वाचायचेच तर भक्तीसाठी ते कसे वाचावे, असे त्या विचारतात.

प्रिय भगिनी, प्रभू येशूच्या नावात सलाम.

वाचावे, असे माझे स्पष्ट उत्तर आहे. पुण्यातील मराठी मंडळ्यांमध्ये पाळक म्हणून सेवा करताना आणि पुढे वचनाचे शिक्षण देताना मी हे पुस्तक पुष्कळ घरांतून, आजारी माणसांच्या उशाशी आणि दफनविधीच्या वेळी वाचले आहे, आणि त्याने माणसे घाबरलेली मी पाहिली ती बहुतेक वेळा पुस्तक वाचल्यामुळे नव्हे, तर पुस्तकाविषयी ऐकल्यामुळे घाबरलेली होती. पहिल्याच अध्यायाच्या तिसऱ्या वचनात जो वाचून दाखवतो तो आणि जे ऐकतात ते धन्य आहेत असे म्हटले आहे. त्या काळी प्रत्येकाच्या हाती पोथी नसे. एकाने उभे राहून मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी बसून ऐकायचे, अशी पद्धत होती. म्हणजे हे पुस्तक एकट्याने रात्री खोलीत बसून, एका हाती नकाशा आणि दुसऱ्या हाती वर्तमानपत्र घेऊन सोडवण्यासाठी लिहिलेले नाही. ते जमलेल्या मंडळीत ऐकण्यासाठी लिहिलेले आहे, आणि तुमची शुक्रवारची बैठक नेमकी तशीच आहे.

हे पुस्तक ज्यांना जड गेले त्यांत मोठमोठी माणसे आहेत, हेही सभेतील भगिनींना सांगावे. सोळाव्या शतकातील धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी १५२२ च्या आपल्या प्रस्तावनेत या पुस्तकाविषयी उघड नाराजी लिहिली होती आणि १५३० मध्ये त्या जागी बरीच सौम्य प्रस्तावना घातली. त्याच शतकातील दुसरे धर्मसुधारक जॉन कॅल्विन यांनी नव्या करारातील बहुतेक पुस्तकांवर भाष्य लिहिले, पण यावर लिहिले नाही. तेव्हा ज्या आजीबाईंना हे पुस्तक अवघड वाटते त्यांनी संकोच करण्याचे कारण नाही. मात्र अवघड वाटते म्हणून मंडळीने ते कधी सोडून दिले नाही.

आता ते कोणी, कोणाला आणि कोणत्या प्रसंगी लिहिले हे नीट पाहू, कारण भक्तीचे वाचन इतिहास सोडून केले की ते लवकरच मनाचे खेळ होऊन बसते. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे एजियन समुद्रात पात्म नावाचे एक छोटे, खडकाळ बेट आहे. देवाचे वचन आणि येशूविषयीची साक्ष यांमुळे या पुस्तकाचा लेखक योहान तेथे होता, आणि तो स्वतःची ओळख अधिकारी म्हणून करून देत नाही. क्लेश, राज्य आणि धीर यांत तुमचा भागीदार असलेला बंधू, एवढेच तो म्हणतो. दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक इरेनियस यांच्या सांगण्याप्रमाणे हे दर्शन सम्राट डोमिशियन याच्या कारकिर्दीच्या अखेरीस, म्हणजे इसवी सन ९५ च्या सुमारास झाले. काही अभ्यासक ते सम्राट नीरोच्या मृत्यूच्या आसपासचे मानतात. काहीही धरले तरी रोमची सत्ता शिगेला होती आणि ख्रिस्ती मंडळ्या लहान, विखुरलेल्या व बिनवजनाच्या होत्या. दुसऱ्या व तिसऱ्या अध्यायांत ज्या सात नगरांतील मंडळ्यांना पत्रे आहेत त्यांचा क्रमही अकारण नाही. इफिसला उतरलेला निरोप्या तेथून उत्तरेकडे स्मुर्णा व पर्गम गाठील आणि मग आतल्या रस्त्याने थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया व लावदिकीया असा खाली उतरेल, तोच हा क्रम आहे. त्या नगरांत सम्राटांची देवळे होती. पर्गम येथे इसवी सनापूर्वी २९ मध्येच ऑगस्टसच्या देवळाला परवानगी मिळाली होती, पुढे स्मुर्णाला सम्राट तिबिर्याचे देऊळ बांधण्याचा मान मिळाला, आणि डोमिशियनच्या काळात इफिसमध्ये त्याच्याच घराण्याचे देऊळ उभे राहिले. सम्राटापुढे चिमूटभर धूप जाळणे हे तेथे चांगल्या नागरिकाचे लक्षण मानले जाई. अशा नगरात राहून येशू हाच प्रभू असे म्हणणाऱ्या माणसाला उद्याची काळजी होती, आणि त्या माणसाला धीर देण्यासाठी हे पुस्तक लिहिले गेले.

माझे सगळे सांगणे या एका गोष्टीवर उभे आहे. शेवटच्या काळाचे वेळापत्रक म्हणून प्रकटीकरण वाचू नये. सिंहासनावर कोण बसला आहे आणि तो राज्य कसे करतो, हे पाहून उपासनेत उभे राहण्यासाठी ते वाचावे. एवढी गोष्ट मनात पक्की धरली की बाकीची पुष्कळशी चित्रे आपोआप जागेवर बसतात, आणि जी बसत नाहीत त्यांच्यासाठी थांबायला आपल्याला भीती वाटत नाही.

म्हणून वाचनाची सुरुवात पहिल्या अध्यायाने केली तरी मुक्काम चौथ्या व पाचव्या अध्यायात करावा, असे मी नेहमी सांगतो. चौथ्या अध्यायात योहानाला स्वर्गात उघडलेले दार दिसते. पुढे जे घडायचे ते तुला दाखवतो असे त्याला सांगितले जाते, आणि तरीही आत गेल्यावर त्याला सर्वांत आधी दिसते ते सिंहासन. त्याभोवती चोवीस वडील आहेत, चार जिवंत प्राणी आहेत, रात्रंदिवस पवित्र, पवित्र, पवित्र असे गीत चालले आहे, आणि वडील आपले मुगूट काढून सिंहासनापुढे ठेवतात. डोमिशियन स्वतःला आमचा प्रभू व आमचा देव म्हणवून घेत असे, असे रोमन इतिहासकार स्वेतोनियस याने लिहून ठेवले आहे. चौथ्या अध्यायाच्या शेवटी वडील हीच संबोधने खऱ्या धन्याला उद्देशून उच्चारतात. इफिसच्या एखाद्या घरात दारे लावून हे ऐकणाऱ्या दासाच्या किंवा विणकराच्या अंगावर तेव्हा काटा आला असेल.

पाचव्या अध्यायात त्या सिंहासनावर बसलेल्याच्या उजव्या हातात सात शिक्क्यांनी बंद केलेली गुंडाळी आहे, आणि ती उघडण्यास स्वर्गात, पृथ्वीवर किंवा पृथ्वीखाली कोणीही योग्य सापडत नाही. तेव्हा योहान फार रडतो. या रडण्यापाशी थांबावे. इतके वैभव समोर असूनही, स्वर्गाच्या दाराच्या आत उभे राहूनही, तो रडतो, कारण गुंडाळी बंदच राहिली तर जगाचा इतिहास बलवानांच्याच हाती राहणार आणि स्मुर्णाच्या तुरुंगातील माणसाला कधी न्याय मिळणार नाही. मग एक वडील त्याला म्हणतो, रडू नको, यहूदा वंशाचा सिंह विजयी झाला आहे. योहान सिंह पाहण्यासाठी वळतो आणि त्याला दिसतो तो कोकरा, तोही वधल्यासारखा, परंतु उभा असलेला. या पुस्तकात ख्रिस्ताला कोकरा असे २८ वेळा म्हटले आहे. सिंह हे नाव या एकाच ठिकाणी येते. देवाने विजय मिळवला तो वधस्तंभावर स्वतः मरून मिळवला, शत्रूला मारून नव्हे, ही सुवार्ता या पुस्तकाच्या मध्यभागी आहे, आणि पुढे घोडे, कर्णे, वाट्या यांची जी भयंकर दृश्ये येतात ती सगळी या कोकऱ्याने शिक्के उघडल्यावर येतात. म्हणून प्रत्येक अध्याय वाचून झाल्यावर सभेत एकच प्रश्न विचारावा: येथे कोकरा कोठे आहे आणि तो काय करीत आहे? एकोणिसाव्या अध्यायातील पांढऱ्या घोड्यावरच्या स्वाराचे वस्त्र लढाई सुरू होण्यापूर्वीच रक्तात भिजलेले आहे आणि त्याची तरवार त्याच्या मुखातून निघते. काहींच्या मते ते शत्रूंचे रक्त आहे, आणि यशयाच्या त्रेसष्टाव्या अध्यायात त्याला आधारही आहे. परंतु या पुस्तकाची चाल पाहता ते त्याचे स्वतःचेच रक्त आहे असे मी मानतो.

भवानी पेठेतील एका घरी आम्ही एकदा हे पुस्तक एकाच बैठकीत अथपासून इतिपर्यंत मोठ्याने वाचले होते. आळीपाळीने वाचत गेल्यास साधारण दीड तास लागतो. तेथे भिंतीला टेकून बसलेल्या एक आजी होत्या. त्यांना अक्षरओळख नव्हती आणि आयुष्यभर त्यांनी वचन कानांनीच साठवले होते. वाचन संपल्यावर तरुण मंडळी श्वापदाच्या सात डोक्यांविषयी बोलू लागली, तेव्हा त्या म्हणाल्या, “अहो, पण यात गाणी किती आहेत! दर थोड्या वेळाने कोणीतरी गातंच आहे की.” त्यांचे निरीक्षण अगदी बिनचूक होते. चौथ्या, पाचव्या, सातव्या, अकराव्या, पंधराव्या, एकोणिसाव्या अध्यायांत स्तोत्रे आहेत, आणि संकटाचे प्रत्येक दर्शन कोठे ना कोठे गीताने अडवलेले आहे. जे पुस्तक डोळ्यांनी वाचणाऱ्याला कोड्यासारखे दिसले ते कानांनी ऐकणाऱ्या बाईला उपासनेसारखे ऐकू आले. तुमच्या सभेतील घाबरणाऱ्या भगिनींना वाचायला नव्हे, ऐकायला बसवा, आणि जेथे स्तोत्र येईल तेथे थांबून आपल्या गीतपुस्तकातील एखादे स्तुतिगीत सर्वांनी गावे.

आता तुमच्या दिरांचा प्रश्न, कारण तो नुसता वादाचा राहिलेला नाही. त्यावर एका वृद्ध स्त्रीची पेन्शन अडली आहे. तेराव्या अध्यायात समुद्रातून वर येणारे श्वापद आणि त्याच्या मूर्तीची पूजा करायला लावणारे दुसरे श्वापद आहे, आणि उजव्या हातावर किंवा कपाळावर खूण असल्याशिवाय कोणाला विकत घेता किंवा विकता येऊ नये असे ते करते. चित्रफिती येथपर्यंत वाचतात आणि थांबतात. वास्तविक पवित्र शास्त्राची अध्यायांत विभागणी तेराव्या शतकात झाली. योहानाने येथे कोणतीही रेघ ओढलेली नाही. पुढचेच वचन, म्हणजे आजच्या चौदाव्या अध्यायाचे पहिले वचन, सियोन डोंगरावर कोकऱ्याबरोबर उभ्या असलेल्या लोकांचे आहे, आणि त्यांच्या कपाळांवर कोकऱ्याचे व त्याच्या पित्याचे नाव लिहिलेले आहे. कपाळावरच्या या नावाचा सुईने टोचलेल्या चिपशी कोणी संबंध जोडत नाही. मग शेजारच्याच वचनातील खुणेला यंत्र ठरवण्याचे कारण काय? कपाळ आणि हात ही जोडी जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकात ६:८ मध्ये आहे, जेथे देवाची आज्ञा हातावर चिन्ह म्हणून बांधावी आणि डोळ्यांच्या मधोमध धारण करावी असे इस्राएलाला सांगितले आहे. श्वापद या आज्ञेची नक्कल करते. माणसाचा विचार आणि माणसाची कृती कोणाच्या मालकीची आहे, असा तेथे प्रश्न आहे.

तेराव्या अध्यायाच्या शेवटी श्वापदाची म्हणून दिलेल्या ६६६ या संख्येविषयीही एवढे सांगता येते की नीरो कैसर हे नाव इब्री अक्षरांत लिहून त्या अक्षरांच्या किमती मिळवल्या तर ६६६ होतात, आणि काही जुन्या हस्तलिखितांत आढळणारी ६१६ ही संख्या त्याच नावाच्या लॅटिन उच्चाराशी जुळते. पहिल्या श्रोत्यांना ती संख्या एका ओळखीच्या जुलमी सत्तेची आठवण करून देत होती. प्रत्येक काळात तशी सत्ता पुन्हा उभी राहू शकते, हे मला मान्य आहे. परंतु गाडीच्या क्रमांकात, दुकानाच्या बिलात आणि बारकोडच्या रेघांत ती शोधत बसणे म्हणजे पुस्तकाने दाखवलेल्या ठिकाणाहून नजर हटवणे होय.

चौदाव्या, सोळाव्या, एकोणिसाव्या व विसाव्या अध्यायांत जेथे ही खूण येते तेथे तिच्याबरोबर श्वापदाची पूजा येते. खूण नकळत लागत नाही. कोणी झोपेत, कोणी दवाखान्यात, कोणी बँकेच्या काउंटरवर फसून ती घेत नाही. जे नमन करतात ते ती घेतात. हयातीचा दाखला सासूबाईंना एकच विचारतो, त्या जिवंत आहेत की नाहीत. तो त्यांना कोणाला नमन करायला सांगत नाही, येशूचे नाव सोडायला सांगत नाही. सरकारने नागरिकांच्या किती नोंदी ठेवाव्यात याविषयी दिरांना शंका असतील तर त्या जबाबदार नागरिक म्हणून जरूर मांडाव्यात, पण त्या शंकांना श्वापदाचे नाव देऊ नये. आयुष्यभराच्या नोकरीचे ते वेतन आहे. येत्या नोव्हेंबरात सासूबाईंना बँकेत घेऊन जावे, आणि त्यांच्या मनात अजूनही धाकधूक असेल तर निघण्यापूर्वी घरी सर्वांनी मिळून चौदाव्या अध्यायाची पहिली पाच वचने वाचून प्रार्थना करावी.

हात आणि कपाळ यांचा खरा प्रश्न वेगळ्याच ठिकाणी उभा राहतो. आमच्या मंडळीतील एका तरुणाला बांधकामाच्या साइटवर खोट्या मोजमापावर सही करण्यास सांगण्यात आले. सगळेच करतात, तू नाही केलीस तर दुसरा करील, असे त्याला समजावले गेले. त्याने सही केली नाही आणि ते काम गेले. विकत घेण्याची व विकण्याची वाट बंद होणे म्हणजे काय, हे त्याच्या घरात पुढे दोन-तीन महिने सर्वांना कळत होते. थुवतीरातील विणकर आणि रंगारी यांच्या संघांमध्ये मूर्तीपुढच्या मेजवानीला न जाणाऱ्या ख्रिस्ती कारागिराची स्थिती अशीच होत असणार. ज्या तरुणांना चित्रफितींची गोडी आहे त्यांच्याशी या गोष्टीवर बोलावे. ते मन लावून ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

सहाव्या अध्यायात पहिले चार शिक्के उघडल्यावर येणाऱ्या चार घोड्यांविषयी थोडे. तिसरा घोडा काळा आहे, स्वाराच्या हातात तराजू आहे, आणि एका माणसाच्या एका दिवसाच्या मजुरीत जेमतेम त्याच्या एकट्याच्या पोटापुरते गहू मिळतील असा भाव तेथे पुकारला जातो. हा भाव नेहमीच्या भावाच्या कितीतरी पट आहे. तेल व द्राक्षारस यांना मात्र धक्का लावू नये असा हुकूम आहे, म्हणजे टंचाईतही श्रीमंतांच्या वस्तू शाबूत राहतात, असा अर्थ अनेक भाष्यकार घेतात. सकाळी मजूर अड्ड्यावर उभा राहून कामाची वाट पाहणाऱ्या माणसाला या वचनावर भाष्याची गरज लागणार नाही. आपल्या भागाने हा घोडा पाहिलेला आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात आणि पाठोपाठ पुण्यात आलेल्या प्लेगमध्ये माणसे मरत होती, गावे ओस पडत होती. त्या वेळी पंडिता रमाबाई दुष्काळी मुलुखात जाऊन आल्या, शेकडो मुलींना आणि विधवांना त्यांनी आणले आणि केडगावला मुक्ती मिशनचे काम उभे केले. त्यांना खाऊ घालणे, शिकवणे, हाताला काम देणे हे त्यांचे त्या घोड्याला दिलेले उत्तर होते. तुमच्या सभेत कोणी युद्ध, महागाई, साथ यांचा उल्लेख करून आता किती वर्षे उरली असे विचारील, तेव्हा अमेरिकेतील उपदेशक विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी प्रभूच्या येण्याची म्हणून २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरून बसून काय पदरात पाडून घेतले ते सांगावे, आणि मग केडगावची गोष्ट सांगावी. दिवस आणि घटका कोणालाच ठाऊक नाही हे प्रभूचे स्वतःचे शब्द आहेत.

पाचव्या शिक्क्याखाली वेदीच्या तळाशी असलेले, देवाच्या वचनासाठी मारल्या गेलेल्यांचे जीव मोठ्याने ओरडतात: किती काळ? ही हाक देवाने आपल्या पुस्तकात जशीच्या तशी राहू दिली, याचे मला दरवेळी समाधान वाटते. त्यांना कोणी गप्प करीत नाही, विश्वास कमी आहे असे कोणी म्हणत नाही. प्रत्येकाला शुभ्र झगा दिला जातो आणि आणखी थोडा वेळ थांबा असे सांगितले जाते. त्या हाकेचे पुढे काय झाले ते आठव्या अध्यायात आहे. सातवा शिक्का फुटतो आणि स्वर्गात सुमारे अर्धा तास निःशब्दता पसरते. जेथे रात्रंदिवस गीत थांबत नव्हते तेथे सगळे थांबते. मग एक देवदूत सोन्याची धुपाटणी घेऊन येतो आणि पवित्र जनांच्या प्रार्थना धुराबरोबर देवासमोर वर चढतात. यानंतर तोच देवदूत ती धुपाटणी वेदीवरच्या अग्नीने भरून पृथ्वीवर टाकतो आणि गर्जना व भूकंप होतात. माणसांच्या प्रार्थना, ज्या ससून रुग्णालयाच्या बाकावर, कर्जाच्या हप्त्याच्या आदल्या रात्री किंवा परत न आलेल्या मुलासाठी केलेल्या असतात, त्या हरवत नाहीत. त्या गोळा केल्या जातात आणि त्यांतून पृथ्वीवर काहीतरी घडते. हा भाग वाचल्यावर सभेत खरोखर शांत बसावे. आमच्या मराठी प्रार्थनासभांमध्ये एकाची प्रार्थना संपताच दुसरा सुरू करतो आणि दोन मिनिटांची शांतताही आम्हाला अवघड जाते. येथे ती पाळावी, आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी ती मोडू नये.

सात मंडळ्यांच्या पत्रांतील लावदिकीयाचे पत्र आपण पुष्कळ ऐकतो. मी तुम्हाला स्मुर्णाच्या पत्रावर अधिक वेळ द्यावा असे सुचवीन. सातांपैकी स्मुर्णा व फिलदेल्फिया या दोघींनाच दोष दिलेला नाही, आणि दोन्ही मंडळ्या दुबळ्या होत्या. स्मुर्णाला सुटकेचे वचन मिळत नाही. मरेपर्यंत तू विश्वासू राहा, म्हणजे मी तुला जीवनाचा मुगूट देईन, असे सांगितले जाते. पुढे त्याच मंडळीचे वृद्ध अध्यक्ष पॉलिकार्प यांना इसवी सन १५५ च्या सुमारास तेथे जाळण्यात आले. ख्रिस्ताला शिव्याशाप दे म्हणजे सोडतो, असे सुभेदाराने म्हटल्यावर, ८६ वर्षे मी त्याची सेवा केली आणि त्याने माझे काही वाईट केले नाही, असे उत्तर त्यांनी दिले. लावदिकीयाच्या पत्राविषयी एकच लक्षात ठेवावे: पाहा, मी दाराशी उभा आहे व ठोकत आहे, हे वचन आपण बाहेरच्या लोकांना सांगतो, पण प्रभूने ते मंडळीला सांगितले होते. ते नगर इतके संपन्न होते की इसवी सन ६० च्या भूकंपानंतर रोमची मदत न घेता ते पुन्हा उभे राहिले, असे रोमन इतिहासकार तासितुस याने नोंदवले आहे. कशाचीही उणीव नाही असे म्हणणाऱ्या त्या मंडळीच्या दाराबाहेर प्रभू उभा होता.

अठराव्या अध्यायातील बाबेलचे, म्हणजे त्या काळच्या श्रोत्यांसाठी रोमचे, पतन वाचताना व्यापाऱ्यांच्या मालाची यादी सावकाश, एकेक वस्तू उच्चारून वाचावी. सोने, रुपे, मोती, तागाचे तलम कापड, रेशीम, हस्तिदंत, संगमरवर, दालचिनी, धूप, द्राक्षारस, तेल, सपीठ, गहू, गुरेढोरे, मेंढरे, घोडे, रथ. आणि अगदी शेवटी गुलाम, माणसांचे जीव. रोमच्या बाजारात माणूस यादीच्या तळाशी, गुराढोरांच्याही खाली होता. माझ्या लोकांनो, तिच्यातून बाहेर निघा, अशी हाक याच अध्यायात आहे. आपण पुणे सोडून जाणार नाही, जाण्याची आज्ञाही नाही. पण आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंना आजारपणात पगारी सुट्टी मिळते का, आपल्या सोसायटीच्या रखवालदाराला बसायला खुर्ची आहे का, आपला फ्लॅट ज्यांनी बांधला त्यांच्या मुलांना शाळा मिळाली का, हे प्रश्न त्या यादीच्या शेवटच्या शब्दातून निघतात. हे प्रश्न सभेत नावे घेऊन कोणाला लाज आणण्यासाठी विचारू नयेत. प्रत्येकाने घरी नेऊन विचारावेत.

विसाव्या अध्यायातील हजार वर्षांविषयी वाद निघेलच. संपूर्ण पुस्तकात तो विषय सहा-सात वचनांपुरता आहे, आणि प्रभूवर मनापासून प्रेम करणाऱ्या लोकांनी आरंभीच्या शतकांपासून त्याचे वेगवेगळे अर्थ घेतले आहेत. ज्याचे जे मत असेल ते त्याने थोडक्यात सांगावे आणि पुढे जावे. यावर एक पूर्ण शुक्रवार घालवू नये.

शेवटच्या दोन अध्यायांसाठी मात्र दोन शुक्रवार राखावेत. येथे माणसे पृथ्वी सोडून वर जात नाहीत. नवी यरुशलेम स्वर्गातून खाली उतरते आणि देव माणसांमध्ये वस्ती करतो. नगराची लांबी, रुंदी व उंची सारखीच आहे, आणि शलमोनाच्या मंदिरातील परमपवित्र स्थानही तसेच घनाकृती होते. म्हणजे जेथे महायाजक वर्षातून एकदाच जाई ती जागा आता अख्खे नगर झाली आहे आणि तिच्या वेशी कधी बंद होत नाहीत. तो त्यांच्या डोळ्यांचे सर्व अश्रू पुसून टाकील, हे वचन आपण दफनभूमीत वाचतो आणि ते तेथे वाचलेच पाहिजे, परंतु ते केवळ मेलेल्यांसाठी नाही. सिंहासनापासून निघणारी नदी स्फटिकासारखी नितळ आहे आणि तिच्या काठच्या झाडांची पाने राष्ट्रांच्या आरोग्यासाठी आहेत. मुळा-मुठेच्या पुलावरून नाक दाबून जाणाऱ्या आपल्या मुलांना हे वचन वाचून दाखवावे, आणि देवाच्या मनातील नगरात नदी कशी असते ते त्यांना सांगावे. नदीकाठच्या स्वच्छतेला जाणारी तरुण मंडळी मग वेगळ्या मनाने जातील.

वाचनाची वाटणी करताना सगळे अध्याय सारख्या वेगाने घेऊ नयेत. पहिल्या शुक्रवारी शक्य तर पूर्ण पुस्तक ऐकावे, दुसऱ्या शुक्रवारी सात पत्रे, मग चौथा-पाचवा अध्याय एकटाच. सहापासून सोळापर्यंतचा भाग तीन बैठकांत होईल. तेथे चित्रांचा एकेक अर्थ लावण्यापेक्षा निर्गमाच्या पुस्तकातील मिसरावरच्या पीडा शेजारी ठेवून वाचल्यास कर्णे आणि वाट्या कोठून आल्या हे कळते. सतरावा अध्याय लहान मुले असताना वाचू नये. मोठ्यांनी तो अठराव्याबरोबर घ्यावा. त्यानंतर एकोणिसावा व विसावा, आणि मग शेवटचे दोन. एवढ्या बैठका आगमनकाळाच्या चार आठवड्यांत मावणार नाहीत, म्हणून ऑक्टोबरच्या मध्यासच सुरुवात करावी. वाचणारा दर आठवड्याला वेगळा असावा, त्याने घरी दोनदा मोठ्याने वाचून यावे, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांनी प्रत्येक बैठकीच्या शेवटी काय ऐकले ते प्रथम सांगावे. शिकलेल्यांनी त्यांच्यानंतर बोलावे. मोबाइल तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत ठेवावेत. शेवटची बैठक मंडळीत प्रभुभोजन असलेल्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी येईल अशी तारखांची आखणी करावी आणि पाळकसाहेबांना ते आधीच कळवावे, कारण आमेन, ये, प्रभू येशू, ये, ही पुस्तकाच्या अखेरची प्रार्थना आरंभीच्या मंडळ्या प्रभूच्या मेजाभोवतीच करीत असत.